पोटात सुटलेला गोटा

कोकणात नारळ माळ्यावर टाकून ठेवतात. आतलं पाणी पुरतं आटलं की खोबरं करवंटीपासून सुटतं, आणि नारळ कानाशी धरून हलवला की आत गोटा खडखडतो. पिशवीभर नारळांतून गोट्याचा नारळ कुठला, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही हलवून सांगतं.

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझ्या दवाखान्यात एक रापणकर आले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडणारे. वय पासष्टीच्या पुढचं, आयुष्य समुद्रावर गेलेलं. त्यांना इथे तात्या म्हणते. रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं म्हणून मुलाने मुंबईला नेऊन सोनोग्राफी केली होती. रिपोर्टवर चार ओळी होत्या. ओटीपोटात साधारण ६ सेंटिमीटरचा, मध्ये कॅल्शियम साठलेला, जागा बदलणारा मास. शक्यता, पेरिटोनिअल लूज बॉडी. पुढील तपासणी करावी.

"डॉक्टरांनू, झील माका कायच सांगना नाय. गोळो कसलो ह्यो? खरा काय ता सांगा."

मुलगा सांगत नव्हता, कारण त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने 'मास' हा शब्द वाचला आणि पोटात मांस वाढलंय असा अर्थ लावला. रिपोर्टमधल्या मास या शब्दाचा अर्थ नुसता 'गोळा' एवढाच असतो. तो कशाचा, वाईट की साधा, यातलं काहीच त्या शब्दात नसतं. रुग्णाच्या हातात असा कागद देताना दोन मिनिटं बसून हे सांगायला काय हरकत असते, हा प्रश्न मला इतक्या वर्षांनंतरही पडतो. ते बाप-लेक तीन आठवडे घरात कॅन्सर आलाय असं धरून जगत होते.

मी तात्यांना विचारलं, "तुमच्या माळ्यार गोट्याचे नारळ आसत मा?" मान हलली. मग मी त्यांना जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहिते. पोटातून उकडलेल्या अंड्यासारखा गोळा निघाल्याचा फोटो अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि त्याखाली वाट्टेल ते लिहिलेलं असतं. तो गोळा बहुतेक वेळा हाच, रिपोर्टातली 'पेरिटोनिअल लूज बॉडी', म्हणजे पोटाच्या पोकळीत सुटा पडलेला गोळा.

पोटात, पण नेमका कुठे?

'पोट' हा शब्द आपण फार सैल वापरतो. जेवण जातं ते पोट, मूल वाढतं ते पोट, दुखतं तेही पोट. हा गोळा जठरात नसतो, आतड्यात नसतो आणि मूत्राशयातही नसतो. तो या सगळ्यांच्या बाहेर आणि पोटाच्या भिंतीच्या आत असतो.

पोटाच्या भिंतीला आतून एक पातळ, चकचकीत अस्तर असतं. तेच अस्तर वळून आतड्यांवर, यकृतावर, गर्भाशयावरही पसरलेलं असतं. डॉक्टरी भाषेत त्याला पेरिटोनियम म्हणतात. मी अस्तरच म्हणेन. ते सगळं उलगडून पसरलं तर जवळजवळ आपल्या अंगावरच्या कातडीएवढं भरेल. भिंतीवरचं अस्तर आणि अवयवांवरचं अस्तर यांच्यामध्ये जी फट उरते, तिला पोटाची पोकळी म्हणतात. पोकळी म्हणून तिथे रिकामी खोली नसते. सगळे अवयव एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि मधे जेमतेम चमचा-दोन चमचे ओलावा असतो. त्या ओलाव्यामुळे आतडी एकमेकांवरून न घासता सरकतात.

होडीचा तळ आठवा. होडीत थोडं पाणी साचलेलं असतंच, आणि त्यात एखादं शिसं पडलं तर होडी जिकडे कलेल तिकडे ते गडगडत जातं. पोटाच्या पोकळीतही तसंच. माणूस उभा असताना किंवा बसलेला असताना सगळ्यात सखल जागा म्हणजे ओटीपोटाचा तळ. पुरुषात ती मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधे येते, बाईमाणसात गर्भाशयाच्या मागे. सुटलेला गोळा फिरून फिरून शेवटी तिथेच येऊन बसतो. तात्यांचाही तिथेच होता.

सुटला कुठून?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याच्या बाहेरच्या बाजूने, ओळीने, चरबीच्या छोट्या छोट्या थैल्या लोंबत असतात. रापणीच्या जाळ्याची वरची दोरी डोळ्यांपुढे आणा. जाळं तरंगत राहावं म्हणून त्या दोरीला ठरावीक अंतराने हलके गोळे बांधलेले असतात. आतड्यावरच्या थैल्या तशाच दिसतात. एकेका माणसात त्या पन्नास ते शंभर असतात. कुणाच्या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या, कुणाच्या चार-पाच सेंटिमीटर लांब. आंद्रेआस व्हेसॅलियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणजे माणसाला त्या ठाऊक होऊन पावणेपाचशे वर्षं उलटली. तरी आपल्या पोटात असं काही लोंबतंय, हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना माहीत नसतं. माहीत असण्याची गरजही सहसा पडत नाही.

प्रत्येक थैली एका बारीक देठावर लोंबते. त्या देठातून रक्त आत नेणाऱ्या आणि बाहेर आणणाऱ्या बारीकशा वाहिन्या जातात. देठ लांब आणि बारीक असला तर थैली स्वतःभोवती पिळली जाऊ शकते. पिळली की रक्त अडतं. अशा वेळी काहींना पोटात, बहुतेक करून खाली डाव्या बाजूला, एका बोटाने दाखवता येईल असं दुखतं. उजवीकडे दुखलं तर अपेंडिक्सचा संशय येतो, आणि सीटी स्कॅनमुळे हे ओळखता येण्याआधी कित्येकांचं पोट त्या संशयावरून उघडलंही गेलं. या दुखण्याला स्वतःचं नाव मिळालं तेच मुळी १९५६ साली. ते साध्या वेदनाशामक गोळ्यांवर आठवडा-दोन आठवड्यांत शमतं. बऱ्याच जणांना तर काही जाणवतही नाही. तात्यांना विचारलं तर म्हणाले, पोट कधी दुखलं नाही असं कोण आहे?

रक्त अडलेली थैली मरते. बहुतेक वेळा ती तिथेच आक्रसून जाते. क्वचित मात्र देठ वाळत वाळत तुटतो. मोहोर संपल्यावर वारा सुटला की कलमाखाली बारीक कैऱ्यांचा सडा पडतो, त्या कैऱ्यांचे देठ आधीच सुकलेले असतात. थैलीचंही तसंच होतं. ती गळून पोकळीत पडते. गळालेल्या थैल्यांपासून हे गोळे होत असावेत, हे एकोणिसाव्या शतकात जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी सुचवलं होतं. आजही सर्वाधिक मान्य असलेलं कारण हेच आहे.

कारणं आणखीही आहेत, पण ती विरळ. गर्भाशयावरची देठाची फायब्रॉइडची गाठ तुटून सुटते. अंडाशय पिळला जाऊन वेगळा पडतो, आणि हे अगदी तान्ह्या मुलीतही घडू शकतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना खडा आत सांडून राहतो. म्हणून पूर्वी पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर ते सांगायला विसरू नका, वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी.

वाटाण्याएवढी थैली अंड्याएवढी कशी झाली?

हा प्रश्न तात्यांच्या मुलाने विचारला आणि तो रास्त होता. थैली मेली म्हणता, मग मेलेली वस्तू वाढते कशी?

खाडीतल्या कालवाचा विचार करा. शिंपल्यात कण अडकला की कालव त्याच्यावर थरावर थर चढवतं आणि त्याचा मोती होतो. कण स्वतः वाढत नाही, त्याच्यावरचे थर वाढतात. पोटात सुटलेल्या थैलीचंही तेच होतं. फरक एवढाच की कालव मुद्दाम थर चढवतं आणि पोटात ते आपोआप बसतात. अस्तरातून पाझरणाऱ्या ओलाव्यात प्रथिनं असतात. गोळा त्यात वर्षानुवर्षं लोळतो आणि प्रथिनांचे पापुद्रे त्याच्यावर बसत जातात. दरम्यान आतल्या मेलेल्या चरबीचा साबणासारखा पदार्थ होतो आणि त्यात कॅल्शियम साठतं.

असा गोळा कापला तर बाहेर पांढरं, गुळगुळीत, रबरासारखं जाड आवरण आणि मधोमध पिवळट, कधी दगडासारखा कडक झालेला भाग दिसतो. हुबेहूब कडक उकडलेलं अंडं. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोत अंडं दिसतं ते यामुळे. गिळलेलं अंडं तिथे पोचणं शक्य नाही, कारण गिळलेली कुठलीही वस्तू अन्नमार्गात राहते आणि हा गोळा त्या मार्गाच्या बाहेर असतो.

बहुतेक गोळे वाटाणा ते सुपारी एवढेच राहतात, म्हणजे अर्धा ते अडीच सेंटिमीटर. त्यांचा पत्ता जन्मभर लागत नाही. भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत, हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये किंवा शवविच्छेदनात ते सापडतात. ५ सेंटिमीटरच्या वर गेलेल्या गोळ्याला डॉक्टर 'जायंट' म्हणतात आणि असे गोळे फार दुर्मीळ आहेत. जे नोंदले गेलेत ते जास्त करून पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुरुषांमधले. मी इतकी वर्षं दवाखाना चालवते, तात्यांचा हा पहिलाच.

मेलेलं पोटात राहिलं तर सडणार नाही?

मासळी उन्हात दोन तास राहिली तर काय होतं हे पाहणाऱ्या माणसाला ही भीती वाटणारच. पण सडणं म्हणजे जंतूंनी खाणं. मेलेल्या वस्तूला वास सुटतो तो तिच्यावर जंतू वाढतात म्हणून. पोटाची पोकळी निरोगी माणसात निर्जंतुक असते. आतड्याच्या आत अब्जावधी जंतू असतात, पण आतड्याची भिंत शाबूत असेपर्यंत ते बाहेर येत नाहीत. थैली गळाली तरी आतड्याला भोक पडत नाही. ती बाहेरून लोंबत होती, बाहेरच गळाली.

जंतू नाहीत म्हणून सडणं नाही. मग शरीर त्या मेलेल्या तुकड्याचं काय करतं? जे फार मोठं नाही ते हळूहळू पचवून टाकतं. जे पचत नाही ते कॅल्शियमने बंद करतं. क्षयाची जुनी, बरी झालेली गाठ छातीच्या एक्स-रेत पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते, तीही अशीच बंद केलेली असते. एक्स-रेत कॅल्शियम पांढरं दिसतं म्हणून हा गोळा पटकन नजरेत भरतो, आणि म्हणूनच पटकन घाबरवतोही.

कॅन्सर नाही हे कशावरून?

मला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे. 'काही नाही, साधी गाठ आहे' असं सांगून रुग्णाला घरी पाठवणं सोपं आहे. कशावरून, ते सांगता आलं पाहिजे.

आधी मूळ गोष्ट. कॅन्सर म्हणजे जिवंत पेशींची बेबंद वाढ. त्या पेशींना खायला रक्त लागतं, म्हणून कॅन्सरची गाठ स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेते. सुटलेल्या गोळ्याला रक्तवाहिनीच नाही. देठ तुटला तेव्हा त्याचा रक्ताशी संबंध संपला. त्याच्यात वाढेल अशी जिवंत पेशी उरलेली नाही. असा गोळा पुढे कॅन्सरमध्ये बदलत नाही, कारण बदलायला आत काही जिवंतच नाही.

पण यात एक 'जर' आहे. तो गोळा खरोखर सुटलेलाच असेल तर. स्कॅनमध्ये गोल आणि पांढरं दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. मूत्राशयातला खडा तसा दिसतो. कॅल्शियम साठलेली फायब्रॉइडची गाठ तशी दिसते. क्षयाने आतड्याजवळच्या लसीकाग्रंथी सुजून पुढे दगडासारख्या होतात, आणि क्षय आपल्याकडे अजून पुष्कळ आहे. अंडाशयाच्या एका प्रकारच्या गाठीत चरबी, कॅल्शियम, कधी चक्क दात असतात. आतड्याच्या भिंतीतून बाहेर वाढणारे काही ट्यूमर सुरुवातीला असेच गोल, गुळगुळीत असतात. मग ओळखायचं कसं?

पहिली खूण जागेची. आज ओटीपोटात उजवीकडे असलेला गोळा महिन्याने डावीकडे दिसला, किंवा रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा स्कॅन केल्यावर पोटाच्या पुढच्या बाजूला सरकला, तर तो कशाला घट्ट चिकटलेला नाही. नारळ हलवून बघण्यासारखंच हे. पण एवढ्यावर भागत नाही. लांब देठाची गाठही थोडीफार हलते, आणि आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यातल्या काही गाठीही. उलट, सुटलेला गोळा ओटीपोटात चिमटून बसला तर दोन्ही स्कॅनमध्ये एकाच जागी दिसेल.

दुसरी खूण रंगद्रव्याची. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे इंजेक्शन देतात, ते रक्ताबरोबर सगळीकडे जातं आणि जिथे रक्त पोचतं तो भाग उजळतो. जिवंत गाठ उजळते. हा गोळा इंजेक्शनच्या आधी जसा तसाच नंतर. माझ्या मते ही खूण सगळ्यात बोलकी. शेजारची आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशयाची भिंत सगळं उजळलेलं आणि मधे हा एकटा जसाच्या तसा.

तिसरी खूण त्याच्या रूपाची. कड स्वच्छ गोल, मधोमध कॅल्शियम, आजूबाजूच्या कुठल्याही अवयवात घुसलेला नाही. एमआरआय केला तर तो बहुतेक चित्रांमध्ये काळपट दिसतो, कारण आत पाणी धरून ठेवणारा जिवंत ऊतक नाही.

तिन्ही खुणा जुळल्या की अनुभवी रेडिऑलॉजिस्ट बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. शंभर टक्के खात्री मात्र गोळा बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. सुई घालून तुकडा काढायचं इथे सहसा टाळतात. गोळा सुईपुढून सटकतो, जवळच आतडी असतात, आणि हाती लागतो तो मेलेला पापुद्रा.

यात जुन्या फिल्मची किंमत सोन्याची. पाच वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी काढलेल्या एक्स-रेत तोच पांढरा गोल दुसऱ्या जागी दिसला, तर अर्धं निदान तिथेच झालं. आमच्याकडे पावसाळ्यात फिल्मा एकमेकींना चिकटतात, बुरशी धरते, मग लोक त्या टाकून देतात. टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या खणात ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि तपासणीला जाताना बरोबर न्या. इथून सीटी स्कॅनला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, गाडीभाडं लागतं, सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते. जुनी फिल्म कधी कधी ती दुसरी खेप वाचवते.

मग आमची आजी म्हणायची तो वायगोळा हाच का?

नाही. वायगोळा उठतो, फिरतो आणि ढेकर दिली की किंवा वारा सरला की जातो. ती आतड्याच्या आतली हवा आणि आतड्याची कळ. सुटलेला गोळा आतड्याच्या बाहेर असतो आणि तो ढेकरेने जात नाही. 'पोटात काहीतरी फिरतंय' असं वाटणाऱ्या बहुतेकांना गॅसच असतो. हा लेख वाचून प्रत्येक गुरगुरण्यासाठी सोनोग्राफी करायला धावू नका.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेण्याची पद्धत गावोगाव आहे. साध्या कळीला त्याने बरं वाटतही असेल. पण पोट दुखत असताना, कडक लागत असताना, उलटी होत असताना कुणालाही पोट चोळू देऊ नका. आत सुजलेलं अपेंडिक्स असू शकतं, आतड्याला पीळ असू शकतो.

तात्यांच्या घरी दुसरा उपाय सुरू झाला होता, कुळथाचं कढण, रोज दोन वेळा. रिपोर्टात कॅल्शियम म्हणजे खडा, आणि खड्यावर कुळीथ, हा हिशोब. कुळीथ पौष्टिक आहे, आवडीने खावा. पण आपण जे खातो-पितो ते रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून मूत्राशयात जातं. या वाटेवर सुटलेला गोळा कुठेच लागत नाही. त्याच्यापर्यंत रक्तच पोचत नाही, मग कढण, काढा किंवा माझ्याकडची गोळी तरी कशी पोचणार? तो विरघळवणारं औषध कुठल्याही पॅथीत नाही.

काढायचा की राहू द्यायचा?

लहान आहे, त्रास काही नाही, खुणा सगळ्या जुळतात, तर राहू द्यावा. मी ठामपणे याच मताची आहे. पोट उघडणं, मग ते दुर्बिणीतून का असेना, ही लहान गोष्ट नाही. भूल असते, जखम असते, पुढे आतडी एकमेकांना चिकटण्याचा धोका असतो. निरुपद्रवी गोळ्यासाठी हे सगळं पत्करायचं कशाला? डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करून आकार पाहावा, एवढं पुरे.

'पण पोटात काहीतरी आहे म्हटल्यावर झोप कशी लागायची?' असं मला एका बाईंनी विचारलं. ही अडचण मी हलकी धरत नाही. समजूत पटूनही जीव थाऱ्यावर येत नसेल, तर सर्जनशी बोलून काढून घेण्याचा निर्णय चुकीचा ठरत नाही. मात्र धोके माहीत करून घेऊनच तो घ्यावा.

काढावा लागतो तो दोन प्रसंगी. एक, निदानाची खात्री होत नसेल तेव्हा. बाईच्या ओटीपोटातली गाठ अंडाशयाची नाही हे नक्की होत नसेल, तर वाट बघत बसू नये. दुसरा प्रसंग गोळा मोठा होऊन दाबत असेल तेव्हा. मूत्राशयावर दाबला तर सारखी लघवी लागते, क्वचित लघवी अडते. गुदाशयावर दाबला तर शौचाला त्रास होतो. आतड्याला बाहेरून दाबून त्याने वाट बंद केल्याच्याही नोंदी आहेत, फार थोड्या, पण आहेत. पोट फुगलं, उलट्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, शौचाला होत नाही, किंवा लघवी पुरती अडली, तर सकाळची एसटी कधी सुटते ते पाहत बसू नका. मिळेल त्या गाडीने त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रोजचा बारीक ताप, पोटात पाणी होणं, ही या गोळ्याची लक्षणं नव्हेत. ती दिसली तर दुसरं कारण शोधायला हवं, गोळ्यावर खापर फोडून स्वस्थ बसायचं नाही.

तात्यांचं काय झालं

रात्रीच्या लघवीसाठी मी आधी गोळ्याला दोषी धरलंच नाही. या वयाच्या पुरुषात प्रोस्टेट आणि मधुमेह ही कारणं कितीतरी अधिक आढळतात. दोन्ही तपासली. साखर ठीक होती, प्रोस्टेट वयाच्या मानाने थोडा वाढलेला, पण एवढा त्रास देण्याजोगा नव्हता. सीटी स्कॅनमध्ये गोळा मूत्राशयाच्या मागे, त्याला पुढे ढकलत बसलेला दिसला. मुंबईच्या सोनोग्राफीत तो मध्यभागी होता, इथे डावीकडे. इंजेक्शननंतर अजिबात उजळला नव्हता.

दुर्बिणीने ऑपरेशन झालं. सर्जनने नंतर मला सांगितलं की गोळा पकडायलाच वेळ लागला. टेबल डोक्याकडे उतरतं केलं तसा तो ओटीपोटातून निसटून वर आतड्यांमध्ये गेला. शेवटी पिशवीत घालून बाहेर आणला. तो एवढा कडक होता की चिरडून लहान छिद्रातून काढणं शक्य नव्हतं, म्हणून बेंबीजवळचं एक छिद्र थोडं वाढवावं लागलं. तात्यांनी शुद्धीवर आल्यावर तो बघायला मागितला. बाटलीतला गोळा त्यांनी हातात धरला, कानाशी नेऊन हलवला आणि मुलाकडे दिला.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. तो घेऊन दोघं माझ्याकडेच आले. मी एकेक ओळ मराठीत करून वाचली. बाहेर पेशी नसलेले तंतूंचे थर, मध्ये मेलेली चरबी आणि कॅल्शियम, कॅन्सरची कुठलीही खूण नाही. मुलाने ती शेवटची ओळ मला दोनदा वाचायला लावली. तात्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"रापण ओढूक कधी जांव?"

दीड महिना जड ओढायचं नाही, म्हटलं. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले आणि मुलाला विचारलं, तोवर त्यांच्या जागी दोरीला हात कोण लावणार.